पाहुण्याला कोणी काम सांगतं का?

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील बदलून):

अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यातली २४ वर्षांची तरुणी. जीएनएमचं (नर्सिंगच्या पदविकेचं) शिक्षण झालेलं, तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात नोकरी. आईवडील चार एकर कोरडवाहू करतात. मागच्या महिन्यात ती शहरातल्या एका चर्चच्या गटाबरोबर १२ दिवस केनियात, किसुमू शहराच्या पुढच्या एका खेड्यात ‘मिशन ट्रिप’ला (धर्मप्रचार आणि सेवेच्या दौऱ्याला) जाऊन आली. माणशी खर्च १ लाख १० हजार. निम्मे तिनं साठवलेले, निम्मे गावच्या मंडळीनं (चर्चच्या सभासदांनी) जमवले: कापणीच्या सणाला वाहिलेल्या भाज्या-धान्याचा लिलाव, घरोघरचं दान, कापूस वेचाईला जाणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंचे ५०० रुपये. तिकडे गटानं तीन दिवस शाळेची भिंत रंगवली, दोन दिवस आरोग्य शिबिर घेतलं, बाकी दिवस वसतिगृहातल्या मुलांचे कार्यक्रम केले. ती लिहिते: “भिंत खरवडताना खाली आधीचा रंग निघाला आणि त्यावर कुणाकुणाच्या हातांचे ठसे. आमच्या आधीही कोणी रंगवून गेलं होतं. मुलं स्वागताचं गाणं इतकं सराईतपणे म्हणत होती की माझ्या पोटात कसंतरी झालं, कारण लहानपणी वसतिगृहात गोरे पाहुणे आले की आम्हीही असंच गायचो.” आता पुढच्या रविवारी तिनं उपासनेत साक्ष द्यायची, म्हणजे सगळ्यांसमोर आपला अनुभव सांगायचा आहे. फोटो पडद्यावर दाखवायचे आणि किती जणांनी प्रभूला स्वीकारलं ते सांगायचं, अशी पाळकसाहेबांची (चर्चच्या धर्मगुरूंची) इच्छा आहे. पुढच्या वर्षी नेपाळला जाणाऱ्या गटाची जबाबदारीही तिच्यावरच द्यायचं चाललंय. ती विचारते: “सगळं फुकट गेलं हे खरं सांगू की गप्प बसू? आणि लोकांचे पैसे कसे फेडू?”

प्रिय मैत्रिणी,

पत्रात तू मला ‘काकू’ म्हटलंस, तेव्हा मीही ‘तू’च म्हणते. मी ख्रिस्ती नाही. तुमच्या उपासनेला बसले ती कुणाच्या लग्नाच्या नाहीतर मयतीच्या निमित्तानं. त्यामुळे देवानं तुला तिकडे पाठवलं होतं का, यावर मी तोंड उघडणार नाही. पण पाहुणी म्हणून जाणं आणि पाहुणे झेलणं, दोन्हींचा मला बऱ्यापैकी सराव आहे. खेड्यातल्या एका कॉलेजात शिकवत असताना काही वर्षं मी राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरं घेतली. सात दिवस, पन्नास पोरंपोरी, एक दत्तक गाव. तुझ्या भिंतीबद्दल वाचलं आणि मला आमचा बंधारा आठवला.

दगडमातीचा होता, गावाबाहेरच्या नाल्यावर. पोरं जीव तोडून राबली, समारोपाला मोठे साहेब आले, नारळ फुटला. पुढच्या जुलैत पहिल्याच मोठ्या पावसात बंधारा वाहून गेला. वर्षभरानं त्या गावात गेले तेव्हा एका कास्तकाराला विचारलं, “दादा, जागा चुकली का हो आमची?” तो म्हणाला, “जागा त तवाच चुकली होती, बाई. पन पोरं इतके हौसेनं खंदत होते, मंग कोन बोलते?” गावाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं! आणि ते सात दिवस गावच्या बायका पाळीपाळीनं पन्नास जणांच्या भाकरी थापत होत्या. मी अहवालात लिहिलं होतं, ‘ग्रामस्थांचे सहकार्य लाभले’.

आपल्याकडे पाहुण्याला कोणी काम सांगत नाही. पाहुणाच हटून बसला, ‘काहीतरी करू द्या’ म्हणाला, तर मग लसूण सोलायला देतात. मला वाटतं, ती भिंत तो लसूण आहे. आपण पाहुण्यांसाठी एक गादी वेगळी ठेवतो ना, तशी त्यांनी पाहुण्यांसाठी एक भिंत ठेवली असावी. यात त्यांची लबाडी दिसली तर थोडं थांब. त्यात मला त्यांचं शहाणपण दिसतं, आणि बरीचशी माया. लांबून आलेल्या, भाषा न येणाऱ्या, उन्हानं लाल झालेल्या वीस माणसांना बारा दिवस सांभाळायचं, जेवू घालायचं, त्यांना आपण कामाला आलो असं वाटू द्यायचं, हे काम तुमच्या रंगकामापेक्षा कितीतरी अवघड आहे. कोणी केलं ते? तुझ्या तीन पानी पत्रात स्वयंपाक कोण करत होतं याचा उल्लेख नाही. ‘सुकुमा विकी’ या भाजीचा मात्र आहे. नावाचा अर्थ ‘आठवडा ढकल’ असा होतो, हेही तू लिहिलंयस. तो अर्थ तुला कोणीतरी सांगितला असेल ना? त्या माणसाचं नाव आठवून बघ.

‘फुकट गेलं’ असं तू म्हणतेस तेव्हा तू गेलीस ती द्यायलाच, हे धरून चालतेस. द्यायला गेले, देता आलं नाही, म्हणून फुकट. पण तू गेलीस पाहुणी म्हणून, आणि पाहुण्याचा हिशेब वेगळा असतो. तो काय देऊन आला हे कोणी विचारत नाही. कसा राहिला, काय खाल्लं, माणसं कशी होती, हे विचारतात.

बारा दिवस कमी पडले असं तुझ्या पत्रात दोनदा आलंय. तेही मला पटत नाही. गाडगेबाबा आपल्याच जिल्ह्यातले, शेंडगावचे. ते एका गावात किती दिवस थांबायचे? सकाळी यायचे, कोणाला न सांगता झाडू घेऊन गाव झाडायचे, रात्री कीर्तन करायचे आणि निघायचे. बारा दिवस कुठले, चोवीस तासही नाहीत. तरी त्यांचं येणं गावाला पुरायचं. कारण बोली आपली होती, हातात काय घ्यायचं ते ठाऊक होतं आणि कीर्तनात ते उपदेशाआधी प्रश्न विचारायचे. लोक उत्तर द्यायचे, पुढचा प्रश्न त्या उत्तरातून निघायचा. तुमच्या गटानं बारा दिवसांत त्या गावाला किती प्रश्न विचारले? दिवस मोजण्यापेक्षा हे मोज.

आता त्या गाण्याकडे येते. खरं तर पत्र तिथूनच सुरू व्हायला हवं होतं, पण तू ते दुसऱ्या पानाच्या तळाशी, कंसात घातलंयस.

तू लिहितेस की पाचवीपासून तू मिशनच्या वसतिगृहात होतीस, कारण गावची शाळा चौथीपर्यंतच होती आणि आई वेचाईच्या दिवसांत अंधार पडल्याशिवाय घरी येत नसे. आईबाप धडधाकट, दर महिन्याला भेटायला येणारे. तरी एकदा एका पाहुण्यानं तुझा फोटो काढला, आणि तुझ्या खांद्यावर हात ठेवून दुसऱ्याला जे सांगितलं त्यातला ‘ऑर्फन’ (अनाथ) हा शब्द तुला पुढे दहावीत गेल्यावर कळला. तू यावर एका ओळीत लिहून पुढे गेलीस. मी जाणार नाही. कुठल्या तरी थंड देशात, कुणाच्या तरी चर्चच्या पडद्यावर, तुझ्या आईबाबांना एका क्लिकमध्ये मारून टाकलं होतं. आईनं हे ऐकलं असतं तर काय म्हणाली असती?

आणि आता तुझ्या फोनमध्ये किसुमूच्या त्या पोरांचे फोटो आहेत. त्यांतल्या किती जणांचे आईबाप आहेत? तू विचारलंस का? जगभरात अनाथाश्रम म्हणून चालणाऱ्या जागांमध्ये आई किंवा बाप जिवंत असलेली मुलं पुष्कळ असतात. गरिबी, लांबची शाळा, आजारपण, अशा कारणांनी ती तिथे आलेली असतात, जशी तू आलीस. पाहुणे आणि त्यांची देणगी येत राहिली की मुलांना घरी परत पाठवण्याची घाई कोणालाच उरत नाही. केनियाच्या सरकारनंच २०१७ साली अशा नव्या संस्थांची नोंदणी थांबवली होती आणि मुलं कुटुंबात वाढावीत असं धोरण धरलं. तेव्हा तुझ्या पोटात जे ‘कसंतरी’ झालं, ते देवाचं की मनाचं हे तू ठरव. मला ते शहाणपणाचं वाटतं. तुमच्या सबंध गटात ते गाणं दोन्ही बाजूंनी ऐकलेली तू बहुधा एकटीच होतीस.

त्या काळातले पाहुणे तुला फारसे आठवत नाहीत, म्हणालीस. चॉकलेटं आठवतात, पेनं आठवतात. पण एक आजीबाई आठवतात, ज्या फोटो न काढता दोन दुपारी वसतिगृहाच्या बाईंसोबत गहू निवडत बसल्या. त्यांना निवडता येत नव्हते, खडे ठेवून गहू फेकत होत्या, आणि बाई हसून हसून बेजार झाल्या. बाईंना इतकं हसताना तुम्ही पोरींनी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. तूच लिहिलंयस हे. गव्हाचं नुकसानच झालं म्हणायचं. तरी इतक्या वर्षांनी लक्षात राहिल्या त्याच.

आरोग्य शिबिराबद्दल मात्र मी गोड बोलणार नाही. तू रक्तदाब तपासलेस, जास्त निघाला त्यांना गटातल्या डॉक्टरांनी १५ दिवसांच्या गोळ्या दिल्या. सोळाव्या दिवशी काय? तुझ्या दवाखान्यात कोणी असं केलं तर तू काय म्हणशील? बीपीची गोळी रोज घ्यायची असते, मध्येच सोडायची नसते, हे आपण इथे म्हाताऱ्यांना सांगून सांगून थकतो. शिवाय महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची तुझी नोंदणी किसुमूत चालत नाही. तिथे परवानगी तिथल्या परिषदेची लागते. पुन्हा कुठल्याही देशात जाशील तर दोनच प्रश्न आधी विचार: जवळच्या सरकारी दवाखान्यातली नर्स या शिबिरात आहे का, आणि आपण नोंदवलेली वही शेवटी कोणाकडे राहणार? दोन्हींची उत्तरं नीट नसतील तर स्टेथोस्कोप बॅगेतून काढूच नकोस.

तुला कोणीतरी म्हणालंच असेल, “एवढा खर्च करून आफ्रिकेत कशाला, मेळघाट दोन तासांवर आहे की!” हे ऐकायला खमंग लागतं आणि अर्धंच खरं आहे. मेळघाटात पाहुण्यांची कमी नाही. कुपोषणाची बातमी आली की गाड्या चढतात, कोरकू पोरांच्या हातात बिस्किटाचे पुडे देऊन फोटो निघतात, गाड्या उतरतात. जवळ गेल्यानं खोड सुटत नाही, फक्त डिझेल कमी लागतं. डॉ. रवींद्र आणि स्मिता कोल्हे बैरागडला गेले ते राहायला गेले. प्रत्येकाला तसं राहता येत नाही, तुलाही जमायलाच हवं असं नाही. पण परदेश वाईट आणि मेळघाट चांगला, अशी सोपी वाटणी करून मनाची सुटका करून घेऊ नकोस.

आता पैसे. मीही कापसाच्या पट्ट्यात वाढलेली, हिशेब आपोआप डोक्यात होतो. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. त्या भावानं १ लाख १० हजार म्हणजे साडेचौदा क्विंटलांहून जास्त कापूस, तोही हमीभाव हातात पडला तर. चार एकर कोरडवाहूत किती निघतो, ते तुझ्या बाबांना विचारायची गरज नाही. रक्कम मोठी आहे आणि तुझी टोचणी खोटी नाही. पण ‘फेडू कसे’ यातला ‘फेडणं’ हा शब्द मला खटकतो. मंडळीनं तुला कर्ज दिलं नव्हतं. लिलावात कुणी एका कोहळ्याचे तीनशे रुपये दिले असतील, ते काय कोहळ्याचा भाव बघून? आपल्या गावची पोर विमानात बसणार, यासाठी दिले. आणि ज्या बाईंनी ५०० दिले, म्हणजे दोन-अडीच दिवसांची वेचाई दिली, त्यांनी किती आत्मे वाचले याची पावती मागितली का? पाळकसाहेबांनी मागितली. ती वेगळी गोष्ट आहे.

साक्षेचं काय करायचं? गप्प बसलीस, ठरावीक चार वाक्यं बोललीस, तर पुढच्या वर्षी आणखी एखादी पोर अशीच जाईल, आणि तिच्यासाठीही कोहळे विकले जातील. उलट व्यासपीठावर उभं राहून ‘सगळा दिखावा होता’ म्हणालीस, तर तो रविवार गाजेल, पण सोमवारपासून त्याच गावात तुझ्या आईला पाण्याला जायचंय. शिवाय ते खरंही नाही, वर सांगितलं ते बघता. आणि पाळकसाहेबांना भर मंडळीसमोर तोंडघशी पाडणं मला बरोबर वाटत नाही. त्यांनाही वर कोणाला तरी अहवाल द्यायचा असेल. ‘ग्रामस्थांचे सहकार्य लाभले’ लिहिणारी मी त्यांना काय बोलणार?

म्हणून रविवारच्या आधी, बुधवारी-गुरुवारी त्यांच्या घरी जा. पाळकबाईही घरात असतील अशा वेळी गेलीस तर उत्तम. सांग की मी साक्ष देईन, पण आकडा सांगणार नाही, कारण माझ्याकडे आकडा नाही. त्यांनी आग्रह धरला तर एक गोष्ट शांतपणे पुढे ठेव. केनियात दहातली आठ माणसं ख्रिस्तीच आहेत. मोंबासाला योहान क्राफ हे मिशनरी १८४४ साली उतरले, आपल्या नागपुरात स्टीफन हिस्लॉप १८४५ साली आले. सुवार्ता (ख्रिस्ताचा संदेश) तिकडे आणि इकडे जवळपास बरोबरच पोचली. ज्यांच्या घरी पणज्यापासून बायबल आहे, त्यांनी आता तुमच्यामुळे स्वीकारलं म्हणणं हा त्यांचा अपमान होईल. (हिस्लॉप १८ वर्षं राहिले, गोंडांची गाणी-कथा बसून लिहून घेतल्या, आणि १८६३ साली पुराच्या ओढ्यात वाहून गेले. त्यांच्या धर्मकार्याबद्दल कोणाचं काय मत असेल ते असो, माणूस ऐकून घेत होता.)

साक्ष मग तू पाहुणीसारखी दे. कुठे झोपलीस, पाणी कुठून आणायचे, मक्याचा उगाली हातानं कसा खातात, चपातीला तिकडेही चपातीच म्हणतात आणि दुकानाला ‘डुका’. इंग्रजांनी १८९६ ते १९०१ मध्ये मोंबासापासून किसुमूपर्यंत रेल्वे टाकली, तेव्हा आपल्या देशातून तीस हजारांवर मजूर गेले होते, हे सांगितलंस तर तुमच्यातली जुनी माणसं कान टवकारतील. हातांच्या ठशांचं सांग, हसत सांग. लोक हसतील आणि घरी गेल्यावर विचार करतील. मग गाण्याचं सांग, आणि ते तुलाही पाठ होतं हे सांग. एवढ्यावर थांब. पुढचं मंडळीला विचारू दे. उपासनेत प्रश्न विचारायची पद्धत नसेल तर नंतर चहाच्या वेळी.

फोटोंत मुलांचे चेहरे दाखवू नकोस. आपल्याकडे बाल न्याय कायद्यातल्या कलम ७४ नं संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख माध्यमांतून उघड करायला बंदी आहे. चर्चचा पडदा त्यात येतो का, हा वाद वकिलांसाठी सोड. तुला तुझा फोटो तसा दाखवलेला चालला असता का, एवढं पुरे. भिंतीचा, जेवणाच्या ताटाचा, रस्त्याचा फोटो दाखव.

नेपाळच्या जबाबदारीला लगेच ‘हो’ म्हणू नकोस, लगेच ‘नाही’ही नको. तिथल्या २०१७ च्या संहितेनं, जी ऑगस्ट २०१८ पासून लागू झाली, कोणाचं धर्मांतर करणं हा गुन्हा ठरवलाय. पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर काढतात. तुम्ही येऊन जाल, पोलीस चौकशीला बसतील ते तिथले यजमान. वीस उत्साही पोरांना हे समजावणं तुझ्यावर येईल, आणि त्यांच्याकडून काही बोललं गेलं तर निस्तरणंही. जबाबदारी घ्यायचीच तर तुझ्या अटींवर घे: विसाऐवजी चौघं, आधी तीन महिने भाषेचा सराव, काम काय ते यजमान ठरवतील, आणि काहीच काम नसेल तर गहू निवडायची तयारी. उरलेल्या सोळा जणांच्या पैशात रंगारी तिथलाच लावता येतो, त्याला चार दिवसांची मजुरी मिळते. फक्त तुमचं चर्च नोंदणीकृत ट्रस्ट असेल तर परदेशात पैसे पाठवण्याआधी ऑडिटरला विचारा. देशाबाहेर केलेल्या खर्चाला आयकराची सवलत आपसूक मिळत नाही.

माझ्या मनात आणखी एक आहे, पण ते थोडं आगाऊपणाचं वाटेल. त्या गावातल्या दोघांना इकडे बोलवा ना. नोव्हेंबरात, पऱ्हाटी पांढरी असताना. तुमच्या घरी राहू देत, वेचाईला येऊ देत, त्यांना वेचता येणार नाही, बोंडांनी बोटं ओरबाडतील आणि सगळं वावर हसेल. दोघांची तिकिटं एका माणसाच्या ट्रिपच्या खर्चात बहुधा भागतील. आधी मात्र तिकडे तुमचा स्वयंपाक जे कोणी करत होतं, त्यांना शोधून व्हॉट्सअॅपवर विचार, की आम्ही आलो तेव्हा खरं काय करायला हवं होतं. उत्तर सरळ मिळेलच असं नाही. माझ्या कास्तकारालाही एक वर्ष लागलं होतं.

आणि रविवारची साक्ष ही पहिली साक्ष होऊ देऊ नकोस. शनिवारी संध्याकाळी, वेचाईहून परतल्यावर त्या म्हाताऱ्या बाईंकडे जा, त्यांच्या चुलीपाशी बस. पाचशे रुपयांचा विषय काढू नकोस. आठवडा ढकलणाऱ्या भाजीचं सांग, पानं कशी बारीक चिरतात, कांदा-टोमॅटोत कशी परततात ते. त्या बहुतेक मध्येच थांबवून विचारतील, “पोरी, तिखट टाकतेत का वं त्याच्यात?”

तुझी,
काकू